जुन्या आज्ञांचे नवे लिप्यंतर

होळकरांच्या किंवा शिंद्यांच्या दफ्तरातील मोडी कागद बालबोधीत उतरवून घेणाऱ्या लेखनिकाचे काम दुरून पाहणाऱ्यास सोपे वाटते. अक्षरामागून अक्षर लिहीत जावयाचे, एवढेच! परंतु मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दाशब्दांत अंतर सोडलेले नसते, आणि एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. तो निर्णय चुकला तर गावाचे नाव बदलते, रकमेचा धनी बदलतो, देणेकरी घेणेकरी होऊन बसतो. भीती आहे ती याची की, चुकीचे वाचनही कागदावर तितकेच सुबक दिसते. मूळ कागदात असे नव्हते, हे नक्कल आपण होऊन कधी सांगत नाही.

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अशाच एका लिप्यंतराचे काम जगभर चालत आले आहे. मात्र त्याचे कागद दफ्तरखान्यात नसून गणकयंत्रांत आहेत. संख्याशास्त्राची गणिते यंत्राकडून करवून घेण्यासाठी एका पिढीने ज्या आज्ञा लिहिल्या, त्या पुढच्या पिढीने दुसऱ्या आज्ञाभाषेत उतरविल्या आणि तिच्या पुढच्या पिढीने तिसऱ्या भाषेत नेल्या. पिकांचे अंदाज, औषधांच्या चाचण्या, रोजगाराची मोजणी, हवेतील धुराने होणारे मृत्यू, असे कितीतरी आकडे या नकलांच्या नकलांतून बाहेर पडतात. नक्कल बिघडली म्हणून यंत्र थांबतेच असे नाही. पुष्कळदा ते चुकीचा आकडा छापून मोकळे होते. यास्तव हे लिप्यंतर कोणी, केव्हा आणि कसे केले, याचा इतिहास सामान्य नागरिकानेही जाणून घेण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभ १९५७ साली झाला असे म्हणता येईल. त्या वर्षी अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने, जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली फोर्ट्रान ही भाषा आपल्या ७०४ क्रमांकाच्या यंत्रासाठी उपलब्ध करून दिली. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी यंत्राशी त्याच्याच अंकी बोलीत बोलावे लागे, आणि यंत्र बदलले की सर्व काही पुन्हा लिहावे लागे. फोर्ट्रानमुळे सूत्र जवळजवळ पुस्तकात लिहितात तसे लिहिण्याची सोय झाली. पण प्रत्येक भाषेप्रमाणे तिच्याही काही खास चालीरीती होत्या. जुन्या फोर्ट्रानमध्ये, मोडीप्रमाणेच, शब्दांतील मोकळ्या जागेला काही अर्थ नव्हता. ‘डू १० आय = १,५’ असे लिहिले तर एक काम पाच वेळा करण्याची ती आज्ञा होई; त्यातील स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले तर तीच ओळ ‘डू१०आय’ नावाच्या एका राशीला दीड ही किंमत देऊन शांतपणे पुढे जाई. ज्या राशीच्या नावाचे पहिले अक्षर इंग्रजी आय ते एन यांपैकी असेल ती, निराळे काही सांगितले नसल्यास, पूर्णांक मानली जाई. आणि पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर अपूर्णांक गळून पडे. एक भागिले दोन याचे उत्तर शून्य येई.

याच सुमारास युरोप व अमेरिकेतील विद्वानांच्या समितीने अल्गोल नावाची दुसरी भाषा सिद्ध केली. तिचे १९६० सालचे रूप विशेष प्रसिद्ध आहे. शास्त्रीय नियतकालिकांत गणिताच्या रीती छापावयाच्या त्या अल्गोलमध्ये, असा प्रघातच पडला. या भाषेत भागाकाराची दोन निराळी चिन्हे होती, आणि साध्या तिरप्या रेघेने केलेल्या भागाकारात एक भागिले दोन म्हणजे अर्धाच असे. आवर्तनाचा आरंभ शेवटाच्या पुढे असेल तर अल्गोल ते काम मुळीच करीत नसे. पुष्कळ जुनी फोर्ट्रान यंत्रे मात्र ते निदान एकदा करीतच. म्हणजे सूत्र तेच, आकडे तेच, आणि तरीही एका भाषेतून दुसरीत शब्दशः उतरविलेल्या आज्ञेचे उत्तर निराळे! भाषांतरकाराची खरी अडचण शब्दांत नसते, शब्दांमागे गृहीत धरलेल्या गोष्टींत असते, हे या क्षेत्रात फार लवकर प्रत्ययास आले.

संख्याशास्त्राला या संकटाची जाणीव मोठ्या प्रमाणावर करून दिली ती जेम्स लॉंगली या अमेरिकन अधिकाऱ्याने. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्यात काम करणाऱ्या या गृहस्थाने १९६७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे आकडे त्याने घेतले होते. एका बाजूला देशातील रोजगार, आणि दुसऱ्या बाजूला किंमतींचा निर्देशांक, राष्ट्रीय उत्पादन, बेकारांची संख्या, सैन्यबळ, लोकसंख्या व वर्ष ही सहा कारणे. प्रत्येक कारणाचा रोजगारावर किती प्रभाव आहे, हे न्यूनतम वर्गांच्या प्रसिद्ध रीतीने काढावयाचे होते. लॉंगलीने हे गणित मेजावरच्या साध्या गणनयंत्रावर, पुष्कळ अंक राखून, कष्टाने सोडविले. मग तोच सोळा ओळींचा तक्ता त्याने त्या काळच्या अनेक प्रचलित आज्ञावल्यांना घातला. उत्तरे एकमेकांशी जुळेनात. काहींत तर पहिला अंकसुद्धा बरोबर नव्हता.

याचे कारण समजण्यास फारसे गणित लागत नाही. लोकसंख्या, उत्पादन आणि किंमती या गोष्टी वर्षांबरोबर हातात हात घालून वाढत जातात. त्यांच्यातील फरक सूक्ष्म असतो आणि उत्तर त्या सूक्ष्म फरकातच दडलेले असते. यंत्र जर सातच अंक लक्षात ठेवीत असेल, तर १२,३४,५६७ मधून १२,३४,५६१ वजा केल्यावर हाती उरतो एकच अंक, आणि त्यातही आधीच्या काटछाटीची चूक मिसळलेली असते. त्यात आणखी भर अशी की, पाठ्यपुस्तकातील सूत्राप्रमाणे प्रथम सर्व वर्ग व गुणाकार करून मग समीकरणे सोडविली, तर अंकांचा हा नाश दुप्पट वेगाने होतो. पाठ्यपुस्तकातील सूत्र खोटे नव्हते. कागदावर ते निर्दोष होते. यंत्राच्या तोकड्या स्मरणात ते उतरविताना मात्र काय गमावले जाईल, याचा विचार लिहिणाऱ्यांनी केला नव्हता.

त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडत होती. आय. बी. एम. ने १९६४ साली जाहीर केलेली ३६० मालिकेची यंत्रे ठिकठिकाणी बसू लागली. आधीच्या ७०९४ यंत्रात एका संख्येला ३६ द्विअंकी स्थाने मिळत. नव्या यंत्रात साध्या संख्येला ३२ च मिळू लागली. फोर्ट्रानमधील आज्ञावलीचे एक अक्षरही न बदलता ती नव्या यंत्रावर चालविली, तरी उत्तरातील विश्वसनीय अंक कमी होत. भाषा तीच राहिली आणि बोलणाऱ्याचा देश बदलला, तरी अर्थ बदलू शकतो, असा हा अनुभव होता.

यातून वाट काढण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने द्यावयाचे त्यांत इंग्लंडचे जेम्स विल्किन्सन यांचे नाव अग्रगण्य आहे. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ते १९४६ साली ॲलन ट्युरिंग यांच्या हाताखाली दाखल झाले. तेथे त्यांनी व सहकाऱ्यांनी अठरा समीकरणांचा एक संच मेजावरच्या यंत्रांवर सोडविला. काटछाटीच्या चुका साचत जाऊन उत्तर बिघडेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात उत्तर अपेक्षेहून पुष्कळच अचूक निघाले. असे का व्हावे, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना विल्किन्सन यांनी एक नवी दृष्टी पुढे मांडली: यंत्राने काढलेले उत्तर हे मूळ प्रश्नाचे चुकलेले उत्तर न मानता, किंचित निराळ्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर मानावे, आणि तो निराळेपणा किती हे मोजावे. या मोजमापावरून कोणती रीत यंत्रावर भरवशाची आणि कोणती नाही, हे आधीच सांगता येऊ लागले. १९७० साली त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

विल्किन्सन आणि म्युनिकचे क्रिस्टियान रायन्श यांनी सहकाऱ्यांसह अशा भरवशाच्या रीती अल्गोलमध्ये लिहिल्या. त्या प्रथम नियतकालिकात आणि मग १९७१ साली एका ग्रंथात एकत्र प्रसिद्ध झाल्या. आयगेन मूल्ये, म्हणजे आकड्यांच्या चौरस सारणीत दडलेल्या मुख्य दिशांची बळे, काढण्याच्या रीती त्यात होत्या; आणि बहुचल संख्याशास्त्राचा फार मोठा भाग त्यांच्यावर उभा आहे. पण अमेरिकेतील यंत्रे फोर्ट्रान बोलत. तेव्हा शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मंडळींनी, इतर विद्यापीठांच्या सहकार्याने, या अल्गोल रीती फोर्ट्रानमध्ये आणण्याचे काम हाती घेतले. त्यातून आयस्पॅक हा संच निर्माण झाला. त्याची मार्गदर्शिका १९७४ साली ग्रंथरूपाने निघाली.

हे भाषांतर कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. अल्गोलमध्ये सारणीचा आकार काम चालू असता ठरविता येई. तेव्हाच्या फोर्ट्रानमध्ये तो आधीच बांधलेला असे. म्हणून प्रत्येक आज्ञेत सारणीची खरी जागा सांगणारा एक अंक जादा घालावा लागला. एकाच ओळीची सारणी आली तर आवर्तन फुकट एकदा फिरू नये, यासाठी वेगळी तपासणी करावी लागली. यंत्र किती अंकांपर्यंत विश्वासार्ह आहे, हा अंक प्रत्येक यंत्रासाठी निराळा द्यावा लागला. भाषांतर पूर्ण झाल्यावर ते निरनिराळ्या संस्थांकडे, निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर चाचणीसाठी पाठविण्यात आले, आणि तेथून पसंती आल्यावरच ते सर्वांना खुले झाले. या मंडळींनी मूळची नावेही जपली. ‘ट्रेड२’ ही अल्गोल रीत फोर्ट्रानमध्येही ‘ट्रेड२’ च राहिली, आणि तिच्या डोक्यावर, ही अमुक नियतकालिकाच्या अमुक पृष्ठांवरील, मार्टिन, रायन्श व विल्किन्सन यांच्या १९६८ सालच्या रीतीचे भाषांतर आहे, अशी नोंद केलेली आढळते.

भाषांतरकार मूळ ओळीशी एकनिष्ठ असला म्हणजे सारे साधले, असे मात्र नव्हे. याच काळात ‘रँडू’ नावाची एक आज्ञा आय. बी. एम. च्या शास्त्रीय संचातून जगभर पसरली होती. यादृच्छिक संख्या, म्हणजे फासे टाकल्याप्रमाणे क्रम न सांगता येणाऱ्या संख्या, निर्माण करणे हे तिचे काम. आधीच्या संख्येला ६५,५३९ ने गुणावयाचे आणि दोनाच्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्यावयाची, एवढीच तिची युक्ती. ती लहान होती, वेगवान होती, आणि म्हणून ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर, एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरविली गेली. पण तिच्यात एक जन्मजात दोष होता. तिची प्रत्येक संख्या आधीच्या संख्येची सहापट वजा तिच्याही आधीच्या संख्येची नऊपट एवढीच असते. अर्थात त्याच भाजकाने भागून उरलेली बाकी. यामुळे तिच्या संख्यांचे तीन-तीनचे गट करून ते अवकाशात बिंदू म्हणून मांडले, तर ते चोहीकडे विखुरण्याऐवजी अवघ्या १५ सपाट पातळ्यांवर बसतात. या जातीच्या सर्वच रीतींचे बिंदू मोजक्या पातळ्यांवर पडतात, हे जॉर्ज मार्सालिया यांनी १९६८ साली दाखवून दिले होते. तरीही रँडूच्या नकला पुढे कित्येक वर्षे वापरात राहिल्या. नक्कल करणाऱ्यांनी कोठेही अक्षर चुकविले नव्हते. दोष अस्सलात होता, आणि इमानी नकलेने तो इमानाने पुढे पोचविला.

१९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस नावाच्या भाषेचा आरंभ केला. संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांशी थेट संवाद करावा, आणि खालचे अवघड गणित फोर्ट्रानच्या जुन्या संचांनी सांभाळावे, अशी ती रचना होती. १९८० नंतरच्या दशकात एसचा गाभा सी या भाषेत नव्याने लिहिला गेला. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी एसच्याच धर्तीवर आर ही भाषा रचली. १९९५ साली ती सर्वांना मोफत व खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. आज आर वापरणारा विद्यार्थी समाश्रयणाची एक ओळ लिहितो, तेव्हा त्या ओळीखाली लिनपॅक या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या फोर्ट्रान संचातील आज्ञा, थोड्या फेरफाराने, काम करीत असतात. लॉंगलीचा सोळा ओळींचा तक्ताही आरमध्ये नमुन्यादाखल घातलेला आहे. नवा वाडा दिसतो खरा, पण जोते जुनेच आहे.

पुढे आर आणि पायथन या भाषांमध्येही आज्ञांची ने-आण सुरू झाली. येथे निराळ्या प्रकारचा धोका समोर आला. शब्द तोच, पण अर्थ दोन. प्रमाण विचलनाचेच उदाहरण घ्यावे. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ संख्यांचे प्रमाण विचलन आर सुमारे २.१४ सांगते, आणि पायथनचा नमपाय हा संच २ सांगतो. दोघांचेही बरोबर आहे. एक सातने भागतो, दुसरा आठने. पहिल्या चतुर्थकाची तीच गोष्ट. १, २, ३, ४ या चार संख्यांचा पहिला चतुर्थक आर १.७५ देते, एस. पी. एस. एस. हा संच १.२५ देतो आणि सॅस हा संच १.५ देतो. रॉब हाइंडमन व यानान फॅन यांनी १९९६ साली अशा नऊ व्याख्या एकत्र नोंदविल्या. काही न सांगता वापरणाऱ्याच्या पदरी त्यांपैकी कोणती पडेल, हे संचागणिक बदलते. शब्दकोशात पाहून भाषांतर करणाऱ्याला हा फरक दिसत नाही. लिहिलेल्या ओळीत तो नसतोच.

न लिहिलेल्या गोष्टींचे मोल किती, याचे एक उदाहरण मनुष्यजीवनाशी निगडित आहे. अमेरिकेतील ९० शहरांत हवेतील सूक्ष्म कणांचा दैनंदिन मृत्यूंवर होणारा परिणाम तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात एसच्या व्यापारी आवृत्तीतील एक आज्ञा वापरली होती. टप्प्याटप्प्याने उत्तराच्या जवळ जात जाणारी ही आज्ञा कोठे थांबावी, याची मर्यादा आधीच ठरवून ठेवलेली होती, आणि या प्रश्नासाठी ती फारच सैल निघाली. २००२ साली अभ्यासकांनी स्वतःच ते उघड केले. मर्यादा घट्ट केल्यावर, दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम कण वाढल्यास होणारी मृत्यूंतील वाढ ०.४१ टक्के न येता ०.२७ टक्के आली, आणि दुसऱ्या रीतीने ०.२१ टक्के आली. धूर घातक आहे हा निष्कर्ष टिकला. त्याचे माप मात्र पुष्कळ उतरले. अशी आज्ञा कोणी तंतोतंत दुसऱ्या भाषेत नेली असती, तर ती सैल मर्यादाही तिच्याबरोबर निमूटपणे गेली असती; आणि दुसऱ्या भाषेतील तयार आज्ञा वापरली असती, तर आकडा का बदलला याचे कोडे पडले असते.

मग हे लिप्यंतर करावे तरी कसे? १९९० साली बेल प्रयोगशाळेत फोर्ट्रानचे सीमध्ये आपोआप रूपांतर करणारे एक साधन तयार झाले आणि ते फार उपयोगी पडले; पण त्यातून निघणारी सी माणसाला वाचावयास क्लिष्ट असे, आणि यंत्राला समजलेली रीत माणसाला समजली असे काही होत नाही. अनुभवाने शिकविलेला मार्ग असा: प्रथम जुनी आज्ञावली जुन्या रूपातच चालवून तिची उत्तरे, अवघड उदाहरणांसह, नोंदवून ठेवावीत. मग ती आहे तशी, तिच्या दोषांसकट, नव्या भाषेत उतरवावी आणि उत्तरे पडताळावीत. ती जुळल्यावरच दोष दुरुस्त करावेत, आणि प्रत्येक दुरुस्ती वेगळी लिहून ठेवावी. भाषांतर आणि दुरुस्ती ही दोन कामे एकाच हाताने एकाच वेळी केली, तर उत्तर बदलले ते सुधारल्यामुळे की बिघडल्यामुळे, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. पडताळणीसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने प्रमाणित उत्तरांसह काही तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांत लॉंगलीचा तक्ताही आहे. त्याच्या समीकरणातील स्थिर पद उणे ३४,८२,२५८.६३ असे यावयास हवे. मेजावर बसून एका माणसाने केलेले गणित अशा रीतीने यंत्रांच्या पिढ्यांची परीक्षा घेत आले आहे.

हा इतिहास परदेशांत घडला तरी आपला देश त्यापासून अलिप्त नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ च्या सुमारास देशातील पहिले अंकीय गणकयंत्र आले, ते संख्याशास्त्राच्याच कामासाठी. आणि त्याच्याही आधी, १९४३ साली, गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. असंख्य वक्रांच्या समूहातून त्यांचे मुख्य आकार वेगळे कसे काढावेत, याचा विचार त्यात होता. पुढे ही कल्पना कार्हुनेन व लोएव्ह या दोन युरोपीय गणितज्ञांच्या नावांनी जगभर रूढ झाली. तिचा इतिहास लिहिणारे आता कोसंबींचेही नाव घेतात. कोसंबींनी ती मांडली तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर गणून पाहण्याजोगे यंत्र हिंदुस्थानात नव्हते. ती रीत ज्या आयगेन मूल्यांवर उभी आहे, ती काढण्याचे काम पुढे विल्किन्सन-रायन्श यांच्या घराण्यातील आज्ञांनी दीर्घकाळ केले; अल्गोलमध्ये, फोर्ट्रानमध्ये, आणि त्यानंतर जावा या भाषेतही.

जावातील त्या आज्ञेच्या डोक्यावरही मूळ अल्गोल रीतीच्या कर्त्यांची नावे आणि मधल्या फोर्ट्रान संचाचा उल्लेख नोंदविलेला आहे. आपल्या जुन्या दफ्तरांत काळजीवाहू लेखनिक नकलेच्या अंगावर ती अस्सलाबरहुकूम असल्याचा शेरा लिहून ठेवीत असे, तोच हा शेरा. तो असल्यामुळेच आजच्या वाचणाऱ्याला शंका आली, तर नकलेवरून नकलेवर मागे जात जात तो १९६८ सालच्या अस्सलापर्यंत पोचू शकतो, आणि आकडा कोठे बदलला ते आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो.